साडेबाराला जायचं

भिंतीवर जिराफ आहे. शेजारी हत्ती, हत्तीच्या सोंडेत फुगे, फुग्यांवर इंग्रजी मुळाक्षरं. डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्यालगतच्या एका गल्लीत दोन गाळ्यांमधली भिंत पाडून हे पाळणाघर केलंय. सकाळचे अकरा वाजलेत. टेबलामागची तरुण बाई आम्हाला गुळगुळीत कागदावर छापलेलं पत्रक देते आणि मोबाइलवर आतल्या कॅमेऱ्यांचं चित्र उघडून दाखवते. पडद्यावर चार चौकोन. एकात गादीवर पसरलेले ठोकळे, एकात रिकामी खुर्ची, एकात कुणाचा तरी इवलासा पाय. चौथा काळा आहे.

"आत जाऊन बघता येईल का?" माझी भावजय विचारते. तिच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधलेली साडेसहा महिन्यांची पिल्लू जिराफाकडे टक लावून बघतेय.

"पालकांना आत सोडत नाही आम्ही. हायजीनसाठी."

आतून एक मूल रडतंय. बाई आवाज जरा वाढवते आणि दर शुक्रवारी होणाऱ्या रंगकामाबद्दल सांगत राहते. पाळणाघरात मूल रडतं यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. आठ-दहा मुलं एकत्र असली की कुणी ना कुणी रडणारच. मी कान देऊन बसलेय ते त्याच्याकडे जाणाऱ्या पावलांसाठी. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा दोनावरून तीनावर येतो. पावलं ऐकू येत नाहीत. रडणं आपलं आपणच दमतं आणि थांबतं. बाई म्हणते, प्रवेश शुल्क परत मिळत नाही, पण या आठवड्यात भरलं तर सवलत आहे.

रस्त्यावर येतो न येतो तोच भावाचा फोन. "कॅमेरा आहे ना?"

हा प्रश्न हल्ली सगळेच आधी विचारतात, आणि त्याला कारणही आहे. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या एका पाळणाघरात सांभाळणारी बाई दहा महिन्यांच्या मुलीला मारत असल्याचं चित्रण वाहिन्यांवर दिसलं आणि कर्जत-कसाऱ्यापासून पनवेलपर्यंतच्या नोकरदार आईबापांची झोप उडाली. पण तिथे कॅमेरा होताच की. पोरीला मार बसत होता तेव्हाही तो चालूच होता. काय झालं ते त्यानं मागाहून सांगितलं, एवढंच. मी हे भावाला बोलून दाखवत नाही. फोर्टातल्या ऑफिसात बसून माणूस काळजी तरी कशाची करणार? "आहे," मी सांगते, "चार आहेत." त्याला तेवढ्यानं बरं वाटतं.

भावजयीची रजा पंधरवड्यात संपतेय. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांपुरती १२ आठवड्यांची २६ झाली. त्यातले आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. हिनं आधी दोनच घेतले आणि शेवटाला साठवलेली हक्काची रजा जोडली, म्हणून इथवर निभावलं. त्याच दुरुस्तीनं ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाऊन यायची मुभाही दिली. हिच्या कंपनीत ती सोय आहे. चांगली आहे म्हणते. पण कंपनी आहे फोर्टला. सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीच्या फलाटावर बायकांच्या डब्यात शिरताना स्वतःची पर्स आणि स्वतःचा पाय एकाच वेळी आत जाईल याची खात्री नसते. तिथे कडेला बाळ, खांद्यावर बाळाची पिशवी आणि हातात जेवणाचा डबा घेऊन चढायचं कुणी आणि कसं? कायद्यानं दिलेल्या पाळणाघरापर्यंत बाळ पोचवायची गाडी कायद्यानं दिलेली नाही. म्हणून पाळणाघर घराजवळ हवं, आणि घराजवळ म्हणजे बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरातच. डोंबिवली, कल्याण, ठाणे, बदलापूर, या सगळ्या पट्ट्यात अशी घरं इमारतीगणिक निघतात. पाटी नसते. पत्ता एका आईकडून दुसरीकडे जातो.

तसाच आलेला एक पत्ता टिळकनगरातला आहे. फोन केला तेव्हा पलीकडच्या काकू म्हणाल्या, "साडेबाराला या. तेव्हा मला बोलायला वेळ नसेल, पण तुम्हाला बघायला मिळेल. अकराला सगळ्यांचीच पाळणाघरं छान असतात."

इमारत जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर दाराबाहेर लाकडी फळीवर चपला ओळीनं लावल्यात. त्यातल्या बऱ्याचशा माझ्या तळहातात मावतील. लाकडी दार उघडंच आहे, जाळीचं लोखंडी दार बंद. त्याला आतून दोन कड्या. एक नेहमीच्या उंचीवर, दुसरी इतकी वर की मोठ्या माणसालाही टाचा उंचवाव्या लागतील. कडेवर एक मूल घेऊन काकू जाळीशी येतात. साठीच्या असतील. केसांचा घट्ट अंबाडा, अंगावर सुती गाऊन, खांद्यावर पंचा.

"नाव?"

भावजय नाव सांगते.

"पत्ता कुणी दिला?"

तेही सांगून होतं. मग काकू टाचा उंचावतात.

दिवाणखाना कसला, सोफा काढून टाकलेली मोकळी खोली. भिंतीला लागून गाद्या, टीव्ही उंचावर आणि बंद. खिडकीच्या ग्रिलला खालच्या अर्ध्या भागात बारीक जाळी वेगळी बांधलीय. बाल्कनीच्या दाराला कुलूप. छताच्या हुकाला जुन्या लुगड्याची झोळी, तिच्यात एक तान्हं. मोरीच्या दाराची कडीही वरच्या अंगाला, आणि फटीतून दिसणारी बादली पालथी घातलेली. रांगतं मूल वीतभर पाण्यातही बुडतं, हे इथे कुणाला तरी ठाऊक आहे. जिराफ कुठे नाही. भिंतीवर चुन्याचे पोपडे आहेत, आणि दोन फुटांच्या उंचीपर्यंत तेलखडूंच्या रेघोट्या.

आणि आवाज! कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, एक जण ताटली जमिनीवर आपटतोय, एक जण "मावशी, शू" म्हणून उभ्या जागी नाचतोय. आठ मुलं आणि दोघी बायका. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०१८ मध्ये कामाच्या जागेवरच्या पाळणाघरांसाठी सूचना काढल्या, त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी बाई धरलीय. त्या मापानं इथे चैन म्हणायला हवी. तरी या घटकेला दोघींचे चार हात पुरत नाहीयेत.

आम्हाला कोपऱ्यातल्या गादीवर बसवून काकू निघून जातात. खरोखरच आमच्याकडे बघत नाहीत.

मदतनीस मावशी तिघांना ओळीनं घेऊन बसलीय. तीन वाट्या, तीन चमचे. एकीत तूप घातलेला मऊ भात, दुसरीत वरण-भात, तिसरीत वरण-भातच, पण तुपाशिवाय. मधली मुलगी तोंड फिरवते. मावशी चमचा मागे घेते. "नको? बरं." ती पुढच्याकडे वळते, त्याला दोन घास देते, परत येते. मुलगी पुन्हा तोंड फिरवते. "बरं." तिसऱ्या फेरीला मुलगी आ करते. या सगळ्यात मावशीचा आवाज चढत नाही. तिला काही फार प्रेम उतू जातंय असंही दिसत नाही. काम करणाऱ्या माणसाची तंद्री असते ना, तशी ती लागलेली आहे. मला प्रेमाच्या कौतुकापेक्षा या तंद्रीचा जास्त भरवसा वाटतो, कारण प्रेम पाहुण्यांसमोर दाखवता येतं आणि "बरं" म्हणून पुढे जायची सवय दुपारच्या साडेबाराला उसनी आणता येत नाही.

तेवढ्यात किंकाळी. ठोकळ्यावरून दोघांत जुंपलीय आणि एकानं दुसऱ्याच्या दंडाचा चावा घेतलाय. भावजय दचकून उभी राहते. काकू आधीच पोचल्यात. त्या चावणाऱ्याकडे बघतही नाहीत. ज्याला चावलं त्याला मांडीवर घेतात, पाण्यानं दंड धुतात, पंच्याच्या टोकात बर्फाचा खडा गुंडाळून धरतात. तो हुंदके देत शांत होतो. मग त्या दुसऱ्याला जवळ ओढतात, त्याच्या उंचीला खाली बसतात आणि एकच वाक्य बोलतात, आम्हाला ऐकू न येणारं. त्याचा ओठ थरथरतो. संपलं. फ्रीजवर एक वही आहे, दोरीला पेन्सिल बांधलेली. काकू लिहितात. मी मान लांब करून वाचते: १२.४०, डावा दंड, चावा, रक्त नाही.

त्यांचं लक्ष जातं. "संध्याकाळी आंघोळ घालताना आईला दिसायच्या आधी माझ्या तोंडून कळलं पाहिजे. कुणी चावलं ते मात्र लिहीत नाही. लिहिलं की दोन आया माझ्या दारात भांडणार, आणि ही दोघं तोवर परत खेळायला लागलेली असणार."

फ्रीजवर त्यांचा फोन वाजून वाजून थांबतो. त्या उचलत नाहीत.

सव्वा वाजता पडदे ओढले जातात. मावशी गाद्यांवर चादरी टाकते. प्रत्येकाची चादर वेगळ्या रंगाची, आणि मुलं आपापल्या रंगावर जाऊन पडतात. एक-दोघं कुरकुरतात, एकाला थोपटावं लागतं. झोळीतलं तान्हं काकू काढून गादीवर ठेवतात, उताणं, उशीशिवाय. "झोळी डोळा लागेपर्यंतच. आणि तुम्ही उशी पाठवू नका, राईचीसुद्धा नको." हे भावजयीला. म्हणजे आमच्याशी बोलायला सुरुवात झाली तर.

काकू स्वतःचं ताट घेऊन जमिनीवर बसतात: पोळी, गवारीची भाजी, सकाळचंच असावं. भावजयीनं घरून प्रश्नांची यादी लिहून आणलीय, फोनमध्ये. ती यादी उघडते, पण तिची पाळी लवकर येत नाही.

"रात्री किती वेळा उठते?"

"दोनदा. कधी तीनदा."

"झोपताना काय लागतं? गाणं, थोपटणं, अंगावर?"

"अंगावर."

"मग इथे पहिले दिवस जड जाणार. तिलाही आणि मलाही. बाटली की वाटी-चमचा?"

"वाटी-चमचा."

"छान. वरचं काय सुरू केलंय?"

भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, उकडलेलं गाजर, मुगाच्या डाळीचं पाणी. काकू डाळीच्या पाण्याला नाक मुरडतात. "पाणी कशाला, डाळच घोटून द्या. मध?"

भावजय माझ्याकडे बघते. आमच्या आईनं गुटीबरोबर मधाचं बोट चाटवायचा आग्रह धरला होता.

"वर्षाची होईपर्यंत नाही," काकू घास घेता घेता म्हणतात. "घरी आजीला तुम्ही सांगा. इथे तर नाहीच."

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि मग वरचं अन्न, असं डॉक्टर सांगतात. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. दुधाचे दिवस आणि रजेचे दिवस असे शेजारी शेजारी संपतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्या आईच्या बाळाचा भाताशी, डाळीशी, केळ्याशी जो काही व्यवहार व्हायचा तो बराचसा दुसरीच्या स्वयंपाकघरात होतो. पिल्लूला काय आवडतं हे वर्षभरानं या काकूंना विचारावं लागेल. भावजयीच्या मनात हेच चाललंय की काय कोण जाणे; ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिलीय. ओट्यावर स्टीलचे डबे, प्रत्येकाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव.

"दूध काढून पाठवणार असलात तर बाटलीवर तारीख आणि वेळ हवी. फ्रीजचा वरचा कप्पा मुलांचा. गरम पाण्यात बाटली धरून कोमट करते, गॅसवर ठेवत नाही. लसीचं कार्ड पुढच्या वेळी आणा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला येईल, मी लिहून ठेवते. त्यानंतर ताप आला तर घरी ठेवायचं. आणि एक," काकूंचा चेहरा पहिल्यांदाच कडक होतो, "सकाळी तापाचं औषध पाजून मूल आणून सोडायचं नाही. दुपारी औषध उतरतं आणि मला कळतं. ज्यांनी तसं केलं त्यांना मी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा ठेवून घेतलं नाही."

आतल्या खोलीतून एक गृहस्थ पिशवी घेऊन येतात, आमच्याकडे बघून मान हलवतात आणि टाचा न उंचावता वरची कडी काढून बाहेर पडतात. उंच आहेत. आता जो प्रश्न यायला हवा तो विचारायचं काम माझ्याकडे आहे. घरातून निघतानाच तसं ठरलंय, कारण भावजयीच्या तोंडून तो निघणार नाही.

"घरात आणखी कोण कोण असतं, काकू?"

"नीट विचारा की," त्या म्हणतात.

मी नीट विचारते.

"मिस्टर असतात. निवृत्त झालेत. भाजी आणतात, शाळेची रिक्षा आली की खाली उतरून मोठ्यांना वर आणतात, त्यांचा अभ्यास घेतात. इथे, या खोलीत, सगळ्यांसमोर. मुलांचं धुणंपुसणं, कपडे बदलणं मी नाही तर मावशी. मी बँकेत गेले तर मावशी असते. तिची सुट्टी असेल त्या दिवशी माझी बहीण पाथर्लीहून येते. मुलगा बंगळूरला. तो आला की त्याचे मित्र खाली भेटतात, वर येत नाहीत." त्या पाण्याचा घोट घेतात. "मिस्टरांना सुरुवातीला वाईट वाटलं. मी म्हटलं, वाटू दे. हे न विचारता पोर ठेवून जाणारे भेटतात ना, त्यांचीच मला धास्ती वाटते."

मावशी खरकटं काढतेय. झोपलेल्यांपैकी एक, हिरव्या चादरीवरची, तिची नात आहे, हे आता कळतं. मावशीची मुलगी एमआयडीसीतल्या बंगल्यांमध्ये घरकाम करते. दीड वर्षाच्या पोरीला ठेवायला जागा नव्हती. अंगणवाडी जवळ आहे, पण ती काही तासांची, आणि दीड वर्षाच्या मुलाला दिवसभर सांभाळायला ती नसतेच. म्हणून मोठी नात, आठ वर्षांची, शाळा बुडवून धाकटीला घेऊन बसायची. काकूंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, उद्यापासून हिला इथे आण. पैसे घेत नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी कोसबाडला नेमकं हेच पाहिलं होतं: आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, कारण धाकटं भावंड त्यांच्या कडेवर असतं. म्हणून तिथल्या विकासवाडीत त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच छपराखाली आणली. काकूंना ताराबाईंचं नाव ऐकून माहीत आहे, विकासवाडीचं नाही. त्यांनी आपलं समोर दिसलं तसं केलं.

भावजय अखेर तिच्या यादीतला एक प्रश्न पुढे करते. पैशांचा.

"पूर्ण दिवसाचे सहा हजार. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात. जेवण धरून, डायपर तुमचे. दिवाळीत चार दिवस बंद, मेमध्ये एक आठवडा. महिनाभर आधी सांगते."

सकाळच्या जिराफाचे याच्या दुप्पट होते. भावजयीचा चेहरा सैलावतो. मी मनात भागाकार करते. महिन्याचे २५ दिवस धरले तर दिवसाचे २४०. साडेअकरा तास. म्हणजे तासाला एकवीस रुपयेसुद्धा नाहीत. रिक्षाचं मीटर याहून वरच्या आकड्यापासून सुरू होतं. त्यात गॅस, भाज्या, दूध, मावशीचा पगार. भाऊ इथे असता तर "जरा कमी करा" म्हणाला असता, सवयीनं, आणि मी त्याला जिन्यात गाठून दोन शब्द ऐकवले असते. सगळ्यांचे मिळून जमतात तेव्हा कुठे काकूंच्या हाती काही उरतं. आणि मावशीची नात सोडून आठांच्या वर त्या जात नाहीत.

"तान्ही दोनच घेते," त्या सांगतात. "चालता न येणारी. सिलिंडरनं पेट घेतला, काहीही झालं, तर मी एक उचलणार, मावशी दुसरं. तिसऱ्याला कोण उचलणार? आत्ता दोन आहेत. एक धरून धरून चालतोय, लवकरच सुटेल. तुमची जागा झाली तर तिथे."

'तर'? भावजय सावध होते. एवढा वेळ आम्ही निवडायला आलोय अशा थाटात बसलो होतो.

"मी उद्या सांगते," काकू म्हणतात. "तुमचं तुम्ही ठरवा, माझं मी. मागच्या वर्षी एकांना नाही म्हटलं. माणसं चांगली, पैसा भरपूर. पण दोघं नवराबायको एकमेकांशी बोलायचीच नाहीत, सगळे निरोप माझ्यामार्फत. 'काकू, त्याला सांगा आज तू ने.' पोर सांभाळीन हो, संसार नाही सांभाळणार. तुमच्यात रोज न्यायला कोण येणार?"

"मीच. कधी उशीर झाला तर हा."

"कधी म्हणजे? त्याचा दिवस ठरवा. एक तरी. नाहीतर तो पोरीला दारातून नेणारा माणूस कधी होतच नाही. आणि परतीची गाडी कुठली पकडता?"

"सहा दहाची फास्ट."

"म्हणजे सात वीसला स्टेशन, बाहेर पडायला पाच मिनिटं, इथे यायला दहा. तेही गाडी वेळेवर असली तर. सातला येते म्हणू नका, पावणेआठ म्हणा. मी पावणेआठपर्यंत थांबेन. पण पोर सातपासून दाराकडे बघत बसलं तर त्याला काय सांगू?"

भावजय यादी बंद करून फोन पर्समध्ये टाकते. तिचा आवाज बसलाय. "पावणेआठ," ती म्हणते.

इतका वेळ पिल्लू गादीवर पालथी पडून चादरीचा काठ चोखत होती. आता ती काकूंच्या चष्म्याच्या दोरीकडे सरकतेय. काकू हात पुढे करत नाहीत. "मी आज घेणार नाही. तिला बघू दे आधी. आणायचीच झाली तर परवापासून आणा, रजा संपायच्या आदल्या दिवशी नको. पहिले काही दिवस आईनं इथे बसायचं. मग तासभर खाली जायचं, मग दुपारपर्यंत. आठव्या-नवव्या महिन्यात मुलं अनोळखी चेहऱ्यांना घाबरायला लागतात, त्याआधी माझा चेहरा जुना झाला पाहिजे. आणि जाताना सांगून जायचं. ती खेळात असताना पाय न वाजवता पळायचं नाही. रडली तरी चालेल, फसली असं वाटता कामा नये."

पिल्लू दोरी पकडते आणि ओढते. चष्मा नाकावरून खाली येतो. काकू तो काढून घेत नाहीत, तसाच एका कानावर लटकत ठेवून वहीचं कोरं पान उघडतात.

"ठरलं नाहीये अजून. लिहून ठेवते फक्त. आईचा नंबर. वडिलांचा नंबर. तिसरा, डोंबिवलीतच राहणाऱ्या माणसाचा. गाडीनं यावं लागेल असा नको."

तिसरा कशाला, असं मी विचारते, आणि २६ जुलै निघतो. २००५ चा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. काकूंकडे तेव्हा पाच मुलं होती. गाड्या बंद, फोन बंद, वीज गेलेली. "चौघांचे आईबाप दुसऱ्या दिवशी दुपारी आले, रुळांवरून चालत. एकाची आई तिसऱ्या दिवशी. चिखलात माखलेली. पोरानं ओळखलंच नाही तिला, माझ्यामागे लपला." त्या हसतात, पण थोडंच. "रात्रभर मेणबत्तीच्या उजेडात पेज केली. शेजारणींनी होतं नव्हतं ते दूध आणून दिलं. एकाचे मामा तर दोन इमारती सोडून राहत होते, पण मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून तिसरा नंबर. आणि प्रत्येकाचा कपड्यांचा एक जादा जोड त्या कपाटात."

भावजय माझ्याकडे बघते. मी माझा नंबर सांगते. काकू एकेक आकडा परत म्हणून लिहितात.

"नातं?"

"आत्या."

"दिवसा घरी असता?"

"हिशेबाची कामं करते, घरूनच. पलीकडे, फडके रोडला."

"बरं झालं. घ्यायला यायची वेळ आली तर आधी मला हिचा फोन आला पाहिजे. आणि पहिल्यांदा याल तेव्हा आधारकार्ड घेऊन यायचं."

"अहो, आता तुम्ही मला बघितलंय की."

"बघितलंय," काकू कानावरचा चष्मा सरळ करत म्हणतात, "पण त्या दिवशी दार कदाचित मावशी उघडेल."